ऑक्सिजन नेमका कुठे लागतो? पेशीश्वसनाविषयी एका विद्यार्थ्याला उत्तर

शिरोळ तालुक्यातून कोल्हापुरात शिकायला आलेल्या, बारावी विज्ञान शाखेत असलेल्या आणि रोज पहाटे तालमीत जाणाऱ्या एका विद्यार्थ्याने मला तीन प्रश्न लिहून पाठवले आहेत. पहिला असा: ग्लुकोजचे विघटन पेशीद्रवात ऑक्सिजनशिवाय होते, त्या विघटनातून उरलेल्या तुकड्यांचे कार्बन डायऑक्साइड करणाऱ्या क्रेब्स चक्राच्या एकाही पायरीवर ऑक्सिजन दिसत नाही, मग ऑक्सिजन बंद झाला की क्रेब्स चक्रसुद्धा का थांबते? दुसरा: एका ग्लुकोजपासून मिळणारे एटीपी (पेशीतील कामांना ऊर्जा पुरवणारे रेणू) काही पुस्तकांत ३८, काहींत ३६, तर काहींत ३० किंवा ३२ दिले आहेत, यांतले खरे कोणते? आणि तिसरा: मेहनतीच्या दुसऱ्या दिवशी अंग दुखते ते लॅक्टिक आम्ल साठल्यामुळे, असे तालमीत सगळे म्हणतात, ते बरोबर आहे का?

तीस वर्षांहून अधिक काळ मी जीवरसायनशास्त्र शिकवीत आले आहे, आणि पहिला प्रश्न इतक्या नेमकेपणाने विचारणारे विद्यार्थी मला फार थोडे भेटले. बहुतेक जण चक्रातील आम्लांची नावे क्रमाने पाठ करतात. त्या चक्रात ऑक्सिजन नाही, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. तुमच्या ते लक्षात आले आहे, म्हणून मी या प्रश्नाला सर्वांत जास्त जागा देणार आहे. तो नीट समजला की उरलेले दोन प्रश्न बरेचसे आपोआप सुटतात.

सुरुवात गुऱ्हाळापासून करू, कारण ते तुम्ही लहानपणापासून पाहिले असेल. चुलवाणात वाळलेले चिपाड घातले की ते भडकून जळते आणि काहिलीतला रस आटू लागतो. चिपाडातील सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्याच लांबच लांब साखळ्या. त्या जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होते, आणि पेशीतही ग्लुकोजचा शेवट याच दोन पदार्थांत होतो. दोन्हीकडे बाहेर पडणारी एकूण ऊर्जाही सारखीच असते: १८० ग्रॅम ग्लुकोजमागे सुमारे २,८०० किलोज्यूल. फरक असा की चुलवाणात ती सगळी एकदम उष्णतेच्या रूपाने सुटते. काहिलीला ती उपयोगी पडते, कारण काहील थंड आणि जाळ गरम असतो. पेशीच्या आत मात्र सगळीकडे तापमान जवळजवळ एकच असते, आणि तापमानात फरक नसेल तेथे उष्णतेकडून काम करवून घेता येत नाही. म्हणून पेशीला हीच ऊर्जा जाळाविना, लहान लहान टप्प्यांत आणि रासायनिक रूपातच उतरवून घ्यावी लागते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो पुढच्या सगळ्या समजुतीला अडथळा करतो. 'ग्लुकोजचे बंध तुटतात आणि त्यातून ऊर्जा बाहेर पडते' असे वाक्य मी शेकडो उत्तरपत्रिकांत वाचले आहे. कोणताही रासायनिक बंध तोडायला ऊर्जा खर्च करावी लागते. नुसते तोडून ती कधीच मिळत नाही. ऊर्जा मिळते ती नवे, अधिक भक्कम बंध जुळताना. ग्लुकोजमधील कार्बन-हायड्रोजन बंधांतले इलेक्ट्रॉन काहीसे सैल धरलेले असतात, आणि ऑक्सिजनला इलेक्ट्रॉनांची ओढ फार असते. इलेक्ट्रॉन ग्लुकोजकडून ऑक्सिजनकडे गेले की ते अधिक घट्ट धरले जातात, आणि या उतारावर सुटणारी ऊर्जा हीच श्वसनाची ऊर्जा. म्हणून पेशीश्वसनाची गोष्ट मुळात इलेक्ट्रॉनांच्या प्रवासाची आहे. कार्बनच्या साखळीचे तुकडे होतात ते हे इलेक्ट्रॉन काढून घेण्याच्या ओघात.

हे इलेक्ट्रॉन ग्लुकोजकडून थेट ऑक्सिजनकडे जात नाहीत. मध्ये एक वाहक असतो. त्याला एनएडी म्हणतात आणि तो आपले शरीर नायसिन या जीवनसत्त्वापासून तयार करते. एनएडी दोन इलेक्ट्रॉन आणि एक प्रोटॉन उचलतो की त्याचा एनएडीएच होतो. पाठ्यपुस्तकात एवढेच लिहिलेले असते, पण खरी मेख पुढे आहे: पेशीत एनएडी फार थोडा असतो आणि तोच पुन्हा पुन्हा वापरावा लागतो.

तुमच्या गावातील दूध संस्थेचे उदाहरण घ्या. सकाळी उत्पादक दूध घालतात, कॅन भरतात, टेम्पो ते शीतकरण केंद्रावर नेतो, तेथे दूध ओतून घेतले जाते आणि रिकामे कॅन परत येतात. आता एखाद्या दिवशी केंद्रावर दूध उतरवून घेणेच बंद झाले तर काय होईल? गोठ्यात म्हशी आहेत, दूध आहे, संस्थेत मापाडी आहे, पण भरलेले कॅन रिकामे होऊन आले नाहीत, म्हणून सायंकाळी संस्था दूध घेऊ शकणार नाही. संस्थेत काहीच बिघडलेले नसते. कोंडी झालेली असते ती केंद्रावर. पेशीतील एनएडी म्हणजे हे कॅन, आणि ऑक्सिजन म्हणजे ते ओतून घेणारे केंद्र.

आता तुमच्या प्रश्नाकडे या नजरेने पाहा. ग्लुकोज-विघटनाच्या दहा पायऱ्यांपैकी सहाव्या पायरीला रिकामा एनएडी लागतो. या विघटनातून तयार झालेले पायरुव्हेट तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) शिरते आणि त्याचे क्रेब्स चक्रात जाणारे ॲसिटिल कोएन्झाइम-ए होते, त्या पायरीला लागतो. क्रेब्स चक्राच्या प्रत्येक फेरीत तीन ठिकाणी एनएडी आणि एका ठिकाणी त्याच्याच जातीचा एफएडी हा वाहक लागतो. एका ग्लुकोजमागे एकूण १० एनएडीएच आणि २ एफएडीएच-२ (म्हणजे भरलेले एफएडी) तयार होतात. या सगळ्या पायऱ्यांवर ऑक्सिजन कुठेही नाही, हे तुमचे निरीक्षण अगदी बरोबर आहे. पण ऑक्सिजन संपला की शेवटच्या टोकाला इलेक्ट्रॉन घेणारे कुणी उरत नाही, वाहक भरलेलेच राहतात, आणि काही क्षणांतच चक्राला रिकामा एनएडी मिळेनासा होतो. चक्र थांबते ते त्यामुळे.

हेही ध्यानात घ्या की ग्लुकोजचे सहाच्या सहा कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जाईपर्यंत थेट हाती आलेले एटीपी फक्त ४ असतात: दोन पेशीद्रवात आणि दोन क्रेब्स चक्रात. बाकी सगळी मिळकत अजून भरलेल्या वाहकांत असते. क्रेब्स चक्राला 'ऊर्जानिर्मितीचे केंद्र' म्हणण्याची पद्धत मला म्हणूनच पटत नाही. हान्स क्रेब्स यांनी १९३७ साली मांडलेले हे चक्र ही जीवरसायनशास्त्रातील अतिशय देखणी रचना आहे, पण तिचे मुख्य काम इलेक्ट्रॉन काढून वाहकांत भरणे हे आहे.

हे वाहक रिकामे होतात तंतुकणिकेच्या आतील पटलात. तेथे प्रथिनांचे मोठे समूह ओळीने काम करतात, आणि इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे उतरत जातात. एनएडीएच आणि ऑक्सिजन यांच्यातील विभवांतर सुमारे १.१४ व्होल्ट आहे. आकडा लहान वाटेल, पण दर मोल एनएडीएचमागे ते सुमारे २२० किलोज्यूल होते. शेवटचा समूह सायटोक्रोम ऑक्सिडेझ या विकराचा (विकर म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, एन्झाइम). त्यातील लोह आणि तांब्याच्या अणूंच्या साहाय्याने ऑक्सिजनचा एक रेणू चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन घेतो व पाण्याचे दोन रेणू तयार होतात.

म्हणजे आपण जो ऑक्सिजन श्वासावाटे घेतो तो कार्बन डायऑक्साइडमध्ये जात नाही, त्याचे पाणी होते. हे ऐकून वर्गात दर वर्षी मुले चकित होतात. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडमध्ये जे ऑक्सिजनचे अणू असतात ते ग्लुकोजमधले आणि वाटेत वापरल्या गेलेल्या पाण्यामधले असतात. म्हणून मी विद्यार्थ्यांना समीकरण लिहिताना डाव्या बाजूला ग्लुकोज आणि ऑक्सिजनच्या सहा रेणूंबरोबर पाण्याचेही सहा रेणू लिहायला सांगते, आणि उजव्या बाजूला कार्बन डायऑक्साइडचे सहा आणि पाण्याचे बारा. दोन्हीकडचे पाणी वजा करून टाकले तर हिशेब जुळतो, पण काय घडले ते दिसेनासे होते. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस दर मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो, आणि त्यातला बहुतेक सगळा याच एका विकराच्या दाराशी संपतो.

हे दार बंद झाले तर काय होते, याचे एक दुःखद उदाहरण शेतकरी घरांना माहीत असते. पाण्याचा ताण पडलेली कोवळी ज्वारी, किंवा कापणीनंतर फुटलेले कोवळे फुटवे जनावराने भरपूर खाल्ले तर ते धापा टाकू लागते, थरथरते आणि थोड्या वेळात दगावू शकते. अशा ज्वारीत धुरिन नावाचा पदार्थ असतो आणि रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील सूक्ष्मजीव त्यापासून हायड्रोजन सायनाइड मोकळे करतात. सायनाइड सायटोक्रोम ऑक्सिडेझमधील लोहाला जाऊन चिकटते आणि ऑक्सिजनला जागाच उरत नाही. अशा जनावराच्या नीलेतले रक्तसुद्धा लालभडक दिसते, कारण रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही. फुप्फुसे चांगली, हृदय चांगले, रक्त ऑक्सिजनने भरलेले, आणि तरीही पेशी गुदमरतात. पशुवैद्य वेळेवर पोचले तर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात. पहिल्यामुळे रक्तातील काही हिमोग्लोबिनचे रूप बदलून ते सायनाइडला आपल्याकडे ओढून घेते, आणि दुसऱ्यामुळे सायनाइडचे फारसे विषारी नसलेल्या थायोसायनेटमध्ये रूपांतर होते. तुमच्या प्रश्नाचे उत्तर याहून स्पष्टपणे सांगणारे उदाहरण मला माहीत नाही.

आता दुसरा प्रश्न, एटीपींच्या आकड्याचा. इलेक्ट्रॉन उतरताना सुटलेल्या ऊर्जेतून एटीपी कसे तयार होते, हे कोडे विसाव्या शतकाच्या मध्यावर अनेक मोठ्या शास्त्रज्ञांना सुटत नव्हते. सर्वांचा समज असा होता की मध्ये एखादा ऊर्जासंपन्न रासायनिक पदार्थ तयार होत असणार, आणि तो शोधण्यात कित्येक प्रयोगशाळांची वर्षे गेली. १९६१ साली पीटर मिचेल यांनी वेगळीच कल्पना मांडली: असा पदार्थ नाहीच, इलेक्ट्रॉन उतरताना प्रोटॉन पटलाच्या एका बाजूकडून दुसरीकडे ढकलले जातात, आणि ते परत येताना त्यांच्या जोरावर एटीपी तयार होते. या कल्पनेला सुरुवातीला कडाडून विरोध झाला. प्रकृतीच्या कारणाने विद्यापीठ सोडून मिचेल इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात गेले, तेथील एक जुनी वास्तू दुरुस्त करून त्यांनी स्वतःची लहानशी प्रयोगशाळा उभारली आणि जेनिफर मॉयल यांच्या साथीने तेथे प्रयोग चालू ठेवले. १९७८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

राधानगरीच्या धरणावर तुम्ही गेला असाल तर ही कल्पना समजायला सोपी जाईल. साठलेले पाणी उंचीवर असते, ते खाली येताना चाक फिरवते आणि त्यातून वीज मिळते. प्रोटॉनांचेही तसेच. पण दोन बाबतींत ही उपमा अपुरी पडते. धरण पावसाने भरते, येथे मात्र उतरणारे इलेक्ट्रॉन प्रोटॉनांना एक एक करून वर चढवत असतात. आणि धरणात फक्त उंचीचा फरक असतो, तर तंतुकणिकेत प्रोटॉनांच्या संख्येच्या फरकापेक्षा विद्युत दाबाचा वाटा मोठा असतो. हा दाब साधारण ०.१५ ते ०.१८ व्होल्ट असतो, पण तो मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ असलेल्या पटलावर पडलेला असतो. दर मीटरला मोजला तर तो सुमारे ३ कोटी व्होल्ट होतो. कोरडी हवा याच्या दहाव्या भागाएवढ्या दाबालाच ठिणगी पाडते. मेदाचे एवढेसे पटल हा ताण आयुष्यभर सोसते, याचे मला अजूनही नवल वाटते.

परत येणारे प्रोटॉन ज्या विकरातून येतात ते एटीपी सिंथेझ अक्षरशः फिरते. पॉल बॉयर यांनी ते फिरत असावे असे अनुमान केले, जॉन वॉकर यांच्या गटाने १९९४ साली त्याच्या मुख्य भागाची रचना उलगडली, आणि १९९७ साली जपानी शास्त्रज्ञांनी त्याला एक चमकणारा तंतू जोडून ते फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिले. त्याच वर्षी बॉयर आणि वॉकर यांना नोबेल मिळाले. गाईच्या तंतुकणिकेतील या चाकाला ८ घटक असतात, म्हणजे एका फेरीला ८ प्रोटॉन लागतात, आणि एका फेरीत ३ एटीपी तयार होतात.

येथेच तुमचा आकडा सुटतो. आठाला तीनने भागले तर पूर्णांक येत नाही. जुन्या पुस्तकांनी एका एनएडीएचमागे ३ आणि एका एफएडीएच-२ मागे २ एटीपी धरले होते, कारण मध्ये रासायनिक पदार्थ असेल तर गुणोत्तर पूर्णांकच असणार अशी त्या काळची समजूत होती. त्या हिशेबाने दहा त्रिक तीस, दोन दुणे चार, आणि थेट मिळालेले चार असे ३८ होतात. पेशीद्रवातील दोन एनएडीएच स्वतः तंतुकणिकेत शिरू शकत नाहीत, त्यांचे इलेक्ट्रॉन आत पोचवताना काही पेशींत तोटा होतो, तो धरला की ३६. आजचा हिशेब प्रोटॉनांचा आहे. एका एनएडीएचमागे सुमारे १० प्रोटॉन बाहेर ढकलले जातात आणि एफएडीएच-२ मागे ६. एक एटीपी तयार करून तंतुकणिकेबाहेर पोचवायला, फॉस्फेट आत आणण्याचा खर्च धरून, सुमारे ४ प्रोटॉन लागतात. म्हणून एनएडीएचचे २.५ आणि एफएडीएच-२ चे १.५. दहा अडीचके पंचवीस, दोन दीडके तीन, आणि थेट मिळालेले चार, मिळून ३२. यकृत आणि हृदय यांसारख्या अवयवांत इलेक्ट्रॉन तोट्याविना आत जातात, तेथे ३२. काही स्नायूंत ते एफएडीच्या वाटेने जातात, तेथे ३०.

प्रत्यक्ष पेशीत हाही आकडा पूर्ण हाती येत नाही, कारण काही प्रोटॉन एटीपी सिंथेझला टाळून पटलातून तसेच झिरपतात. काही ठिकाणी तर शरीर ही गळती मुद्दाम करवते: तान्ह्या बाळाच्या मानेजवळ आणि पाठीवर असलेल्या तपकिरी मेदात एक खास प्रथिन प्रोटॉनांना मोकळी वाट देते, एटीपी तयार होत नाही, सगळी उष्णता होते आणि बाळ थंडीत उबदार राहते. परीक्षेत तुमच्या पाठ्यपुस्तकातला आकडा लिहा. तो कोणत्या गृहीतावर आला आहे, हे मात्र आता तुम्हाला सांगता आले पाहिजे.

मेद आणि प्रथिने यांचेही तुकडे शेवटी याच वाटेवर येतात. १६ कार्बनच्या पामिटिक आम्लापासून याच हिशेबाने १०६ एटीपी मिळतात. त्यात कार्बन-हायड्रोजन बंध जास्त असतात, म्हणजेच सैल इलेक्ट्रॉन जास्त असतात, एवढे सांगून मी पुढे जाते.

तिसरा प्रश्न तालमीचा. एकेरी पट काढताना किंवा ढाक लावताना मांडीच्या आणि कमरेच्या स्नायूंना क्षणात प्रचंड एटीपी लागते. स्नायूत साठलेले एटीपी दोन-तीन सेकंदांतच संपेल इतके थोडे असते. सबंध शरीरात एका वेळी फार तर शंभरेक ग्रॅम एटीपी असते, आणि विश्रांतीच्या दिवसातही आपण सुमारे ४० किलो एटीपी वापरतो. म्हणजे तोच रेणू दिवसात शेकडो वेळा मोडून पुन्हा घडवला जातो. डावाच्या त्या क्षणी मदतीला येते फॉस्फोक्रिएटिन. ते आपले फॉस्फेट देऊन एटीपी लगेच भरून काढते आणि साधारण दहा सेकंदांपर्यंत जोर टिकवते. या पदार्थाचा शोध १९२७ साली जाहीर करणाऱ्या दोघांपैकी एक होते आंध्रातून अमेरिकेत गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. हे नाव प्रत्येक मल्लाला आणि प्रत्येक विज्ञान विद्यार्थ्याला माहीत असावे, असे मला मनापासून वाटते.

कुस्ती लांबली की ग्लुकोज-विघटनाचा वेग खूप वाढतो. तंतुकणिका तेवढ्या वेगाने वाहक रिकामे करू शकत नाहीत. तेव्हा स्नायू एक तात्पुरती सोय करतो: एनएडीएचमधले इलेक्ट्रॉन तो पायरुव्हेटवरच ओततो. पायरुव्हेटचे लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचेच पेशीतील रूप) होते आणि एनएडी रिकामा होऊन सहाव्या पायरीकडे परत जातो. या वाटेला किण्वन म्हणतात, आणि तिचा सगळा हेतू एवढाच आहे. त्या पायरीत एकही एटीपी मिळत नाही; ती केवळ कॅन मोकळा करण्यासाठी असते. यीस्टही हेच करते, फक्त ते आधी पायरुव्हेटमधून कार्बन डायऑक्साइड काढून टाकते आणि उरलेल्या ॲसिटाल्डिहाइडवर इलेक्ट्रॉन ओतून मद्यार्क तयार करते. आपल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळीवर जे चालते ते हेच. या वाटेने एका ग्लुकोजमागे फक्त २ एटीपी मिळतात, त्यामुळे तेवढ्याच कामाला साखर पंधरापट लागते. हवा मिळाली की यीस्ट साखर कमी खाते, हे पाश्चर यांनी एकोणिसाव्या शतकातच पाहिले होते.

जाता जाता एक गोष्ट सांगते. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी आयुष्यभर केवळ याच दोन एटीपींवर जगतात, कारण त्यांच्यात तंतुकणिका नसतात. सगळ्या शरीराला ऑक्सिजन पोचवणारी पेशी स्वतःच्या ऊर्जेसाठी त्यातला एक रेणूही वापरत नाही.

तर दुखण्याचे काय? मेहनत चालू असताना स्नायूत जी आग होते तिच्यात आम्लता वाढण्याचा काही वाटा असतो. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी जे अंग दुखते त्याचा लॅक्टेटशी संबंध नाही, कारण मेहनत थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातील लॅक्टेट मूळ पातळीवर येते. त्यातले बरेचसे हृदय आणि इतर स्नायू इंधन म्हणून वापरतात, आणि काही यकृतात जाऊन त्याचे पुन्हा ग्लुकोज होते. हे चक्र गर्टी आणि कार्ल कोरी या दांपत्याने उलगडले. दोन लॅक्टेटपासून एक ग्लुकोज परत घडवायला यकृताला ६ एटीपी खर्च करावे लागतात, आणि कुस्ती संपल्यावरही बराच वेळ दम लागलेला राहतो त्याचे एक कारण हे आहे. दुसऱ्या दिवशीचे दुखणे स्नायूतंतूंना झालेल्या अतिसूक्ष्म इजांमुळे आणि त्यांच्या दुरुस्तीमुळे असते. बैठक मारताना खाली जाण्याच्या वेळी मांडीचा स्नायू भार पेलत असतानाच लांबत असतो, आणि अशा हालचालींनी ही इजा सर्वांत जास्त होते. नव्याने बैठका सुरू करणाऱ्याला जिना उतरताना जे दुखते ते त्यामुळे. जोर-बैठका झाल्यावर लगेच बसू नका, आखाड्याभोवती फिरत राहा, असे तुमचे वस्ताद सांगत असतील तर ते ऐका. हलकी हालचाल चालू राहिली की लॅक्टेट लवकर वापरले जाते; त्यांचा अनुभव खरा आहे, दुखण्याचे कारण तेवढे वेगळे आहे.

तुम्ही शिरोळचे, म्हणून आणखी एक. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर मी तुमच्या भागात गेले होते, तेव्हा पाणी ओसरलेल्या रानांत पिवळा पडलेला ऊस उभा होता. एका शेतकऱ्याने मला विचारले की पाण्यातच उभे पीक वाळल्यासारखे का दिसते. कारण पेशीश्वसनात आहे. मुळांना प्रकाश मिळत नाही, त्यांना पानांकडून साखर मिळते, पण ती वापरायला लागणारा ऑक्सिजन मातीच्या पोकळ्यांतील हवेतूनच घ्यावा लागतो. त्या पोकळ्यांत पाणी शिरले की ऑक्सिजनचा प्रसार हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजारपट मंद होतो. मुळांच्या पेशी किण्वनावर येतात, दोन एटीपींत त्यांचे भागत नाही, आणि मातीतील क्षार खेचून घेणारे पंप थांबतात. मग मुळे पाणीही नीट ओढू शकत नाहीत, म्हणून पीक पाण्यात उभे असूनही वाळल्यासारखे दिसते. भाताची मुळे मात्र पाण्यात तग धरतात, कारण खोडातून मुळापर्यंत हवेच्या पोकळ नळ्या असतात. वनस्पती फक्त रात्री श्वसन करतात, असे अजूनही पुष्कळ जण समजतात. त्या दिवसरात्र करतात, आणि तोडलेला ऊससुद्धा करतो. तोडलेल्या उसाची साखर घटण्याची इतरही कारणे आहेत, त्यातील विकर साखरेचे विघटन करतात आणि जिवाणूही शिरतात. पण उसाच्या जिवंत पेशी आपली साखर वापरत राहतात, हे त्यांतले एक.

शेवटी एक प्रयोग सुचवते. तो खोलीवर सहज करता येईल. दोन सारखे थर्मास घ्या. एकात मोड आलेली मटकी भरा. दुसऱ्यात तेवढीच मोड आलेली मटकी पाच मिनिटे उकळून, पूर्ण थंड करून भरा. उकळलेल्या मटकीवर बुरशी आणि जिवाणू वाढले तर तेही श्वसन करून उष्णता देतील, म्हणून ती जंतुनाशकाच्या सौम्य द्रावणातून काढून घ्या, आणि प्रयोगानंतर ती खाऊ नका. दोन्ही थर्मासांत तापमापी खोचून तोंड कापसाने बंद करा. घट्ट बूच लावू नका, नाहीतर आतला ऑक्सिजन संपेल आणि काय होईल ते तुम्हाला आता माहीत आहे. दर चार तासांनी दोन दिवस तापमान लिहून ठेवा. जिवंत मटकीचा थर्मास काही अंशांनी गरम झालेला दिसेल. ग्लुकोजमधील ऊर्जेचा जो भाग एटीपीत गेला नाही, तो तेथे तापमापीवर वाचता येतो. वही घेऊन या, आपण दोघे मिळून आलेख काढू.